कुंभाराचा पिता आणि बटाट्याची तोफ

बटाट्याची तोफ म्हणजे मागच्या टोकाला बंद असलेली, बहुधा पीव्हीसीची, एक नळी. तिच्या तोंडात बटाटा घट्ट बसवायचा आणि मागच्या कोठीत दाबून भरलेली हवा एकदम मोकळी सोडून, किंवा ज्वालाग्राही वायूचा भडका उडवून, तो बटाटा शक्य तितका लांब भिरकवायचा, एवढाच या साधनाचा हेतू असतो. अमेरिकेत हा घरगुती छंद म्हणून रुजला. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजांवर बसवलेल्या, हवेच्या किंवा वाफेच्या दाबावर चालणाऱ्या ‘होल्मन प्रोजेक्टर’मधून खलाशी करमणुकीसाठी बटाटे उडवीत असत. इतक्या किरकोळ वस्तूमुळे तत्त्वज्ञानातला एखादा जुना प्रश्न पुन्हा उभा राहावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण तोफेचे सुटे भाग आता करवतीने कापून नव्हे, तर संगणकातील फाइलवरून यंत्राकडून घडवून घेता येतात आणि त्यामुळे ‘ही वस्तू कोणी केली’ या प्रश्नाचे उत्तर पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. भारतीय दर्शनांनी हा कर्तृत्वाचा प्रश्न घट आणि कुंभार यांच्या उदाहरणावर शतकानुशतके घासून पाहिला आहे, आणि तेथे हाती आलेली उत्तरे या नव्या परिस्थितीत कितपत टिकतात हे तपासणे केवळ पांडित्याचा खेळ ठरू नये.

हा विचार पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याच्या संदर्भात करण्याला कारण आहे. बटाट्याच्या तोफेचा छंद म्हणून येथे काही नांदत नाही. परंतु त्यासाठी लागणारे दोन्ही घटक, बटाटा आणि यंत्र, एकाच रस्त्यावर भेटतात असा प्रदेश महाराष्ट्रात दुसरा सहज सापडणार नाही. चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे आणि उत्तरेकडच्या सातगाव पठारावर खरिपातला बटाटा पिकतो. त्याच चाकणमध्ये 2009-10 च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र यांचे मोटारकारखाने उभे राहिले. पिंपरीत 1954 पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, पुढे टेल्को आणि आकुर्डीची बजाज ऑटो, 1962 साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची भोसरीतील वसाहत आणि तिच्यातल्या पत्र्याच्या शेडमधली असंख्य लहान वर्कशॉपे, यांनी या पट्ट्यात हाताने धातू ओळखणाऱ्यांच्या पिढ्या घडवल्या. वस्तू नेम धरून फेकणारी यंत्रे तर येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना चांगलीच परिचित आहेत: 2014 ची आशिया-पॅसिफिक रोबोकॉन स्पर्धा पुण्यात भरली होती, आणि 2022 साली हीच स्पर्धा पुन्हा भारताकडे आली तेव्हा तिचा विषय चक्क लगोरी होता, म्हणजे चेंडू मारून चकत्यांची रास पाडणारे आणि ती पुन्हा रचणारे यंत्रमानव विद्यार्थ्यांना बनवायचे होते.

अंकीय निर्मिती म्हणजे वस्तूचा आकार आधी संगणकात आकड्यांच्या रूपाने तयार करून त्या आकड्यांच्या आज्ञेने यंत्राकडून वस्तू घडवून घेणे. लेथ किंवा मिलिंग यंत्र आकड्यांवर चालवणारी सीएनसी पद्धत भोसरीत गेली काही दशके रुळलेली आहे. नवे आहे ते थ्रीडी प्रिंटरचे, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक धागा थरावर थर टाकत वस्तू उभी करणाऱ्या यंत्राचे, कारखान्यातून घराच्या टेबलावर येणे. या प्रवासातला एक महत्त्वाचा टप्पा चाकणच्या पूर्वेला शिरूर तालुक्यातील पाबळ येथे घडला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात 2002 साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे अंकीय निर्मितीची प्रयोगशाळा, सुरू झाली आणि एमआयटीच्या बाहेरची ती जगातली पहिली फॅब लॅब मानली जाते. पुढे 2016 पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेने सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या शाळांतही असे प्रिंटर पोहोचवले. पाबळच्या आश्रमाचा पाया हाताने काम करता करता शिकणे हा होता, आणि थ्रीडी प्रिंटर त्या शिक्षणात आला तो सुतारकाम, वेल्डिंग आणि शेती यांच्या शेजारी, त्यांच्या जागी नव्हे. हा भेद पुढच्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

हाताने केलेल्या तोफेत करणाऱ्याला नळी कापावी लागते, कापलेली कड घासावी लागते, सॉल्व्हंट सिमेंट लावून सांधा पक्का होईपर्यंत थांबावे लागते, आणि सांध्यातून हवा फुसफुसली तर सगळे पुन्हा करावे लागते. या खटाटोपात पदार्थ स्वतः त्याला काही ना काही सांगत राहतो. छापलेल्या तोफेत झडप, घोडा, नळीचे जोड, बटाटा कापत आत घेणारे धारदार कडे हे सारे दुसऱ्या कोणीतरी, कदाचित दुसऱ्या खंडात, आखलेले असते, आणि करणाऱ्याच्या वाट्याला फाइल उतरवणे, धागा लावणे आणि बटण दाबणे एवढेच उरते. सुबकपणा वाढतो, अचूकपणा वाढतो, नवनवे आकार करून पाहण्याची मुभा मिळते, आणि ज्याच्याकडे लेथ नाही त्या मुलालाही झडपेची रचना समजून घेता येते. हे लाभ नाकारणे अन्यायाचे होईल. पण ज्या फाइलवरून हे सर्व होते ती बहुधा एसटीएल नावाच्या स्वरूपात असते, आणि 1987 च्या सुमारास तयार झालेले हे स्वरूप वस्तूचा पृष्ठभाग फक्त त्रिकोणांच्या जाळ्याने सांगते; वस्तू कोणत्या पदार्थाची करायची, ती उभी छापायची की आडवी, एवढेच काय, तिची मापे मिलिमीटरमध्ये आहेत की इंचांत, यांपैकी काहीही त्या फाइलला ठाऊक नसते.

ज्या गोष्टी फाइलला ठाऊक नसतात, नेमक्या त्यांवरच दाबाखालच्या नळीचे आयुष्य अवलंबून असते. पातळ भिंतीच्या नळीत हवा दाबून भरली की तिच्या परिघाच्या दिशेने पडणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो, आणि छापलेली वस्तू दोन थरांच्या जोडापाशी सर्वांत कमकुवत असते. म्हणून तीच फाइल, तेच यंत्र आणि तोच धागा असूनही नळी आडवी छापली तर मोठा ताण थेट थरांचे जोड उकलण्याच्या दिशेने येतो. शिवाय दाबलेल्या हवेत ऊर्जा साठलेली असते. दाबाच्या टाक्यांची चाचणी कारखान्यांत शक्यतो पाण्याने घेतात ती याच कारणाने, कारण पाणी फारसे दाबले जात नाही आणि टाकी फुटली तरी तुकडे उडत नाहीत. पीव्हीसीची नळी हवेच्या दाबाने फुटते तेव्हा तिचे अणकुचीदार तुकडे होतात.

न्यायदर्शनाने कारणांचे तीन प्रकार मानले आहेत. कार्य ज्याच्यात समवायसंबंधाने, म्हणजे वेगळे न काढता येईल अशा रीतीने, राहते ते समवायी कारण. घटाच्या बाबतीत त्याची दोन कपाले, म्हणजे ज्यांच्या जोडणीतून घट बनतो ते दोन अर्धे भाग. त्या कपालांचा परस्परांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. आणि कुंभार, चाक, दंड ही निमित्त कारणे. या मांडणीचा एक परिणाम असा की भाग शाबूत राहिले तरी त्यांचा संयोग नष्ट झाला की वस्तू नष्ट होते. घरगुती तोफेला हे तंतोतंत लागू पडते: जुन्या तोफेत असे संयोग चार-सहा असत आणि प्रत्येक संयोग करणाऱ्याच्या हातून, त्याच्या डोळ्यांसमोर झालेला असे, छापलेल्या तोफेत प्रत्येक दोन थरांमध्ये एक याप्रमाणे ते शेकडो असतात, आणि त्यांपैकी एकही कोणी जोडलेला नसतो. नैयायिकाला ही वस्तू दाखवली असती तर त्याने तिच्या सुबक आकाराकडे न पाहता आधी या संयोगांची चौकशी केली असती.

कर्त्याची न्यायातील व्याख्या याहूनही उपयोगी आहे. ज्याला उपादानाचे, म्हणजे ज्यातून वस्तू घडायची त्या पदार्थाचे, अपरोक्ष ज्ञान आहे, ज्याच्या ठिकाणी चिकीर्षा, म्हणजे करण्याची इच्छा, आहे आणि ज्याच्या ठिकाणी कृती, म्हणजे प्रत्यक्ष प्रयत्न, आहे तो कर्ता. अपरोक्ष ज्ञान म्हणजे ऐकीव किंवा अनुमानाने मिळालेले नव्हे, तर साक्षात झालेले ज्ञान. नैयायिकांनी ही व्याख्या घडवली ती मुख्यतः जगाचा कर्ता म्हणून ईश्वर सिद्ध करण्यासाठी. ईश्वराला परमाणूंचे साक्षात ज्ञान असते, म्हणून तो जग घडवू शकतो, असा त्यांचा युक्तिवाद. तो युक्तिवाद मान्य असो वा नसो, त्याच्या ओघात मानवी कर्त्याबद्दल जे सांगितले गेले ते फार नेमके आहे. कुंभारात ही तिन्ही अंगे एकत्र असतात आणि पीव्हीसीची नळी कापणाऱ्या हौशी माणसातही ती, थोडीफार कच्ची का असेनात, एकत्रच असतात. अंकीय निर्मितीने घडवलेला खरा बदल हा की ही तिन्ही अंगे आता वेगवेगळ्या ठिकाणी विखुरतात: आकाराचे ज्ञान फाइल करणाऱ्याकडे, इच्छा बटण दाबणाऱ्याकडे, प्रयत्न बव्हंशी यंत्राकडे, आणि या विशिष्ट प्रिंटरमधून आज बाहेर पडलेल्या या विशिष्ट प्लास्टिकचे अपरोक्ष ज्ञान कोणाकडेच नाही.

मग फाइल करणारा कोण ठरतो? येथे न्यायातला ‘अन्यथासिद्ध’ हा विचार कामी येतो. कार्याच्या आधी हजर असूनही ज्याला कार्याचे कारण म्हणता येत नाही ते अन्यथासिद्ध. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचानन यांच्या ग्रंथात त्याचे पाच प्रकार येतात आणि त्यांतली शेवटची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत: एक, घटासाठी माती वाहून आणणारे गाढव, कारण माती दुसऱ्या मार्गानेही आणता आली असती, आणि दुसरे, कुंभाराचा पिता, कारण तो कुंभाराचे कारण आहे, घटाचे नव्हे. मात्र पिता स्वतः कुंभार असेल आणि कुंभार या नात्याने त्याचा विचार केला तर त्याला कारण म्हणण्यास हरकत नाही, अशी पुस्तीही या परंपरेने जोडली आहे. फाइल उपलब्ध करून देणारे संकेतस्थळ हे या हिशेबात मातीचे गाढव ठरते, आणि जगभरची अशी संकेतस्थळे जबाबदारी झटकताना नेमका हाच बचाव करतात. फाइल करणाऱ्याला मात्र नुसता कुंभाराचा पिता म्हणून सोडून देता येत नाही. पित्याने पुत्राला जन्म दिला, घटाला आकार दिला नव्हता. याने तर आकारच दिला आहे, भिंतीची जाडी ठरवली आहे, झडपेचे तोंड कोठे असावे हे ठरवले आहे. तो पिता आणि कुंभार या दोघांच्या मध्ये कोठेतरी उभा आहे, आणि या मधल्या जागेसाठी जुन्या न्यायात कप्पा नाही; कारण ज्याचा आकार एकाने पूर्ण केला आणि ज्याचा पदार्थ दुसऱ्याने, कधीही न भेटता, पुरवला असा घट तेव्हा नव्हता.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांनी मात्र हा कप्पा व्यवहारात केव्हाच तयार केला आहे. सीएनसी यंत्रावर प्रोग्राम लिहिणारा एक असतो, यंत्र लावून पहिला नग काढणारा सेटर दुसरा असतो आणि ‘सायकल स्टार्ट’चे बटण दाबत दिवसभर नग काढणारा ऑपरेटर तिसरा असतो. प्रोग्राम कितीही बरोबर असला तरी सेटरने पहिला नग काढून तो मोजून पास झाल्याशिवाय उत्पादन सुरू होत नाही; कारण आज टूल किती झिजले आहे, या मालाची बार कडक आहे की मऊ, फिक्स्चर किंचित हलते आहे का, हे प्रोग्रामला कळत नाही आणि सेटरला कळते. ज्याला न्यायाने अपरोक्ष ज्ञान म्हटले त्याची जागा शॉपवर सेटरची आहे. घरच्या टेबलावर प्रिंटर आला तेव्हा त्याच्याबरोबर प्रोग्राम आला आणि ऑपरेटर तर घरातच होता. सेटर तेवढा आला नाही. या तंत्राच्या घरगुती रूपात जे उणे आहे ते एवढेच आहे, पण ते फार मोठे आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. भोसरी आणि चाकण यांच्या मधोमध असलेल्या आळंदीत 1296 साली समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांनी 1290 साली पूर्ण केलेल्या आपल्या टीकेत या पाचांचे विस्ताराने विवरण केले आहे, आणि एकट्या ‘मी’ला कर्ता मानणे ही अपुरी दृष्टी आहे, असा या भागाचा रोख आहे. आजच्या यंत्रयुगाला हे विवेचन इतके चपखल बसते की त्यातून एक सोयीचा निष्कर्ष निघण्याचा धोका संभवतो: कारणे पाच, त्यांतला मी एक, तेव्हा तोफ फुटली तर दोष पाचांत वाटून जातो. गीतेचा आशय असा नाही. अहंकार सुटलेल्या ज्ञात्याला कर्म बांधत नाही असे तेथे म्हटले आहे, पण ते आपला बटाटा सर्वांत लांब गेला म्हणून टाळ्या मागणाऱ्याला लागू पडत नाही. श्रेय घेताना कर्ता आणि हानी झाल्यावर पाचांतला एक, अशी सवलत कोणत्याही टीकाकाराने दिलेली नाही. साधनांना कारणांत स्थान देणे म्हणजे त्यांच्यावर दोष ढकलणे नव्हे, हे या पट्ट्यातल्या खंडेनवमीच्या पूजेतूनही दिसते. त्या दिवशी लेथला आणि व्हीएमसीला, म्हणजे उभ्या मिलिंग यंत्राला, झेंडूचे हार चढतात, व्हर्निअर आणि स्पॅनर कुंकू लावून मांडले जातात, यंत्रे पुसून स्वच्छ होतात. जो माणूस करणाला वर्षातून एकदा हात जोडतो त्याने त्याची मर्यादा उरलेले दिवस ओळखलेली असावी, अशी अपेक्षा त्या पूजेत गृहीत आहे. घरचे प्रिंटर या पूजेत अजून फारसे बसत नाहीत, हे कदाचित योगायोगाचे नसेल.

ही चर्चा केवळ तात्त्विक नाही, हे 2025 च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात दिसून आले. शेतातील माकडे पळवण्यासाठी वापरली जाणारी, प्लास्टिकच्या नळीची ‘कार्बाइड बंदूक’ त्या वर्षी खेळणे म्हणून विकली गेली, तिच्या चित्रफिती मोबाइलवरून मुलांपर्यंत पोहोचल्या, आणि भोपाळ, विदिशा आदी भागांत शेकडो जणांच्या, त्यांत मोठ्या संख्येने मुलांच्या, डोळ्यांना इजा झाली; बार उडाला नाही म्हणून नळीत डोकावून पाहताना अनेकांचा घात झाला. ती बंदूक छापलेली नव्हती, हाताने जोडलेली होती. म्हणजे दोष छापण्यात आहे आणि हातकामात नाही, असे सरळ म्हणता येत नाही. दोन्हींत सामाईक आहे ते एवढे की कृती दूरवरून, चित्ररूपाने किंवा फाइलच्या रूपाने, आयती आली आणि पदार्थाचे साक्षात ज्ञान वाटेत गळून पडले. कॅल्शियम कार्बाइडपासून निघणारा ॲसिटिलीन कसा वागतो हे गॅस वेल्डिंग करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, पण चित्रफितीत वेल्डर नव्हता. कायद्याची भूमिकाही लक्षात घेण्याजोगी आहे: 1959 च्या शस्त्र अधिनियमातील अग्निशस्त्राच्या व्याख्येत स्फोटकाबरोबरच इतर कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेने प्रक्षेपक फेकणारे शस्त्र येते, तेव्हा वस्तू खेळणे आहे की शस्त्र याचा निर्णय ती कोणत्या हेतूने घडवली यावर येऊन ठेपतो, आणि चिकीर्षेचा प्रश्न न्यायशास्त्रातून न्यायालयात येतो.

अन्नाच्या नासाडीचा आक्षेप महाराष्ट्रात साहजिकच निघेल. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या समाजात उपासाच्या ताटातला बटाटा उडवून भिंतीवर फोडणे अशोभनीयच आहे. मात्र भाव पडला की पोतीच्या पोती माल रस्त्यावर ओतावा लागणाऱ्या व्यवस्थेने हा आक्षेप एकट्या हौशी मुलावर घेणे थोडे दांभिकपणाचे होईल. जैन दृष्टीत तर प्रश्न उलटाच होतो, कारण अनंत जीवांचा देह मानलेला बटाटा तेथे अन्न म्हणूनच वर्ज्य आहे, आणि त्याला उडवण्यातला दोष नासाडीचा नसून हिंसेचा आहे. या आक्षेपाला उत्तर सोपे आहे: नेम धरायला कापडाचा चेंडू पुरतो, आणि लगोरीने हे पूर्वीच सिद्ध केले आहे.

गीतेच्या त्याच अध्यायात तामस कर्माचे लक्षण दिले आहे: पुढचा परिणाम, होणारी हानी, घडणारी हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म ते तामस. उतरवून घेतलेल्या फाइलवरून छापलेली आणि न तपासता हवेने भरलेली तोफ या लक्षणात बसते, आणि तीच तोफ भाग मोडून पाहून, पाण्याने दाब तपासून, आपल्याला काय कळत नाही हे जाणून केली तर बसत नाही. दोहोंतला फरक यंत्राचा नाही. म्हणून ज्या शाळांत अटल प्रयोगशाळा आहेत तेथील शिक्षकांनी फेकणारी यंत्रे करण्यास बंदी घालू नये, कारण झडप, दाब आणि वेग समजण्याचा तो उत्तम मार्ग आहे. त्यांनी भोसरीतला एखादा निवृत्त सेटर महिन्यातून एकदा शाळेत बोलवावा, प्रत्येक मुलाकडून छापलेला एक तुकडा थरांच्या दिशेने आणि एक आडवा मोडवून घ्यावा, आणि हे होईपर्यंत कोणत्याही छापलेल्या भागात दाबाची हवा भरू देऊ नये.